उष्णतेतून वीज

मंगळावर २०१२ पासून फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीवर सौर पॅनेल नाहीत. प्लुटोनियमच्या उष्णतेपासून तिला सुरुवातीला सुमारे ११० वॅट वीज मिळत होती. उष्णतेची वीज करण्यात मोठा वाटा शिसे आणि टेल्युरियमच्या संयुगाचा. अशा पदार्थाचं एक टोक तापवून दुसरं थंड ठेवलं, की विद्युतभार थंड टोकाकडे सरकतात आणि वीज तयार होते. पण त्यातून वीज सहज वाहायला हवी आणि उष्णता अडायला हवी. नाहीतर दोन्ही टोकं सारखीच तापतील. म्हणून बिस्मथ टेल्युराइड या अशाच दुसऱ्या पदार्थात सेलेनियम किंवा अँटिमनी मिसळतात. वेगळ्या वजनाचे हे अणू उष्णतेच्या लहरींना अडवतात, विद्युतभारांना त्या मानाने कमी. कारखान्यांतून वाया जाणारी उष्णता अशीच कामी यावी, यासाठी अशा पदार्थांवरचं संशोधन फार मोलाचं आहे.