रिकामा हात

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शाळेत कराटेचा वर्ग सुरू करावा, अशी सूचना मी मांडली तेव्हा एका पालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "मास्तर, पोरं आधीच मारामाऱ्या करतात, त्यात आणखी हे कशाला?" त्यांचे चुकले नाही. सिनेमा पाहून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने पहिली लाथ धाकट्या भावावरच आजमावली होती! म्हणून शोतोकान या कराटेच्या शैलीमागे काय विचार आहे, तेवढेच आज सांगतो.

ही शैली ज्यांच्यापासून निघाली ते गिचिन फुनाकोशी तुमच्या-आमच्यातलेच, प्राथमिक शाळेतले मास्तर होते. जन्म 1868 साली, ओकिनावा बेटावरील शुरी गावी. लहानपणी प्रकृती इतकी तोळामासा की हे मूल जगेल असे कोणाला वाटत नव्हते. अंको आझातो आणि अंको इतोसू हे त्यांचे गुरू. रात्री आझातोंच्या अंगणात सराव चाले. गुरुजी मंद दिव्याजवळ ताठ बसून पाहात आणि बहुधा एवढेच म्हणत, पुन्हा कर. 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. तेक्की नावाच्या तीन कातांवर आपली दहा वर्षे गेली, असे फुनाकोशींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तीन कातांना दहा वर्षे! आमच्या मुलांना तीन महिन्यांत रंगीत पट्टा हवा असतो.

1922 साली त्यांनी टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखविले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी आग्रह केला आणि ते तेथेच राहिले. वय पन्नाशीच्या पुढे. 'कराटे' हा शब्द पूर्वी 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. फुनाकोशींनी त्याच उच्चाराचे 'रिकामा' या अर्थाचे अक्षर स्वीकारले. हातात शस्त्र नाही हा एक अर्थ, आणि मनात स्वार्थ व द्वेष नाही हा दुसरा. दुसरा अवघड आहे.

कराटेत पहिला वार नाही, ही त्यांची शिकवण कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरातील त्यांच्या स्मारकशिलेवर कोरलेली आहे. ती त्यांनी स्वतःलाही लावली. महायुद्धानंतर, उतारवयात, एका लुटारूला त्यांनी अंधारात धरून पोलिसांच्या हवाली केले. दुसऱ्या कोणी ही हकीकत मिशीला पीळ देत सांगितली असती. फुनाकोशींनी मात्र लिहिले, की आपण होऊन हात टाकला याची मला लाज वाटली. मुलांनो, ही गोष्ट घरी जाऊन भावाला सांगा.

आता काही वडीलधाऱ्यांच्या मनातली शंका. कराटेचा आरंभ आणि शेवट वाकून अभिवादनाने होतो. आपण अल्लाहखेरीज कोणापुढे झुकत नाही. मग? जपानात वाकणे हा भेटीचा शिष्टाचार आहे, पूजा नव्हे, असे मला वाटते. परंतु निवाडा देण्याचा अधिकार माझा नाही. तो उलेमांना विचारावा. माझी सूचना एवढीच, की आमच्या वर्गात मुलांनी छातीवर हात ठेवून परस्परांना सलाम करावा. समोरच्याचा आदर, हा त्यातला गाभा तेवढाच राहतो.

मुलींचे काय, असेही विचारले गेले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली कराटेचे सुवर्णपदक इजिप्तच्या फरयाल अब्दुलअझीझने जिंकले. ऑलिम्पिक सुवर्ण मिळविणारी ती त्या देशाची पहिली स्त्री. आपल्या मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई, एवढी व्यवस्था झाली की मी त्यांची नावे लिहून घ्यायला तयार आहे.

वर्ग असर आणि मगरीबच्या दरम्यान, शाळेच्या अंगणात भरेल. पहिले तीन महिने लाथ नाही, गुद्दा नाही. उभे राहणे, श्वास आणि रांग. पहिल्या दिवशी चाळीस मुले येतील. तीन महिन्यांनी किती उरतात ते पाहू.