सुट्टी मागायची कोणी?
(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कामाच्या जागी बदल घडवताना माणसांना बरोबर कसे घ्यायचे, यावर मी बोलायचे आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला हे शिकवले होते, पण कारखाना आणि कार्यालय डोळ्यांपुढे ठेवून. जिथे कामाची जागा म्हणजे दुसरीचे स्वयंपाकघर आणि मालकीण म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी बाई, तिथले धडे मला वस्तीतल्या बायकांनी दिले.

नागपुरात रूपाताई कुळकर्णी आणि विदर्भ मोलकरीण संघटनेने हा प्रश्न फार आधी रस्त्यावर आणला. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ साल उजाडले. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे. पगार किती, आठवड्याची सुट्टी कधी, हे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण शिक्कामोर्तब केलेले नाही.

मी करार समजावून सांगितला. सभेत सगळ्यांनी हात वर केले. पहिल्या रविवारी तिघीच घरी राहिल्या, आणि त्यातल्या एकीची दोन घरे सुटली. दुसऱ्याच दिवशी ती घरे सभेतल्याच एका बाईने धरली. मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "ताई, मी नसती धरली तं तिसरीनं धरली असती. हात वर कराले पैसे लागत नाही नं." मी गप्प बसले.

पुढचे सगळे त्यांनीच ठरवले. रविवार नको, त्या दिवशी पाहुणे असतात. आधी महिन्यातून दोन दिवस, आणि पगारात खाडा धरायचा नाही. एका इमारतीतल्या सगळ्या बायकांनी एकत्र मागायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुट्टीवरून सुटलेले घर दुसरीने धरायचे नाही. या शेवटच्या अटीवर चार बैठका गेल्या, भांडणेही झाली. मी मध्ये पडले नाही. पडले असते तर पुन्हा नुसते हात वर झाले असते.

मग एका इमारतीत मालकिणींची बैठक झाली. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आम्हाला कुठे सुट्टी असते?" खरेच होते ते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मागून आवाज आला, "मंग तुमी बी घ्या नं बाई! त्या दिवशी साहेबाले घासू द्या भांडे." सगळ्या हसल्या. त्या शिक्षिकाबाईंनीच पुढे इतर घरांशी बोलणी केली. तरी त्या इमारतीतली दोन घरे आजही खाडा कापतात.

जिची दोन घरे सुटली होती, ती पुढे वर्षभर बैठकीला आली नाही. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने विचारले, "तुमच्या घरच्या बाईले किती सुट्ट्या?"

मी कधी मोजल्या नव्हत्या. इथे बसलेल्यांपैकी किती जणींनी मोजल्या आहेत?