विटा वाचवणारी भिंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘आजची कला आणि आपले घर’ असा भारदस्त विषय चिटणीसबाईंनी माझ्या पदरात टाकला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घराची गोष्ट निघाली म्हणजे आपण बायका गप्प बसत नाही. म्हणून एका घरे बांधणाऱ्या माणसाविषयीच चार शब्द सांगते.

कन्याकुमारीच्या यात्रेत आम्ही तिरुअनंतपुरमला उतरलो होतो. तेथे बसस्थानकाजवळ इंडियन कॉफी हाऊसची एक गोल, लाल इमारत आहे. आत जिना नाही. वाटच शंखाच्या वेढ्यासारखी फिरत वर चढते. तिच्या कडेने बाक आणि टेबले बांधूनच काढलेली. खिडक्यांच्या जागी विटांची जाळी. तिच्यातून वारा आणि उजेड येतो, उन्हाचा ताप होत नाही.

ही इमारत लॉरी बेकर यांची. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेले हे गृहस्थ कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले, केरळच्या डॉक्टरीणबाईंशी लग्न करून इथलेच झाले. मुंबईत त्यांना गांधीजी भेटले होते. घर जवळपास मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावे, हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी जन्मभर पाळले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते वारले.

त्यांची एक भिंत ऐका. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे घरात उष्मा कमी येतो. इंग्रजीत हिला उंदराच्या सापळ्याची भिंत म्हणतात! स्लॅबचेही तसेच. त्याच्या खालच्या अंगाला जे काँक्रीट असते, त्याच्यातले बरेचसे भार घेत नाही. तेथे बेकर जुनी मंगलोरी कौले बसवीत. काँक्रीट वाचे, आणि वर पाहिले तर छताला नक्षी!

भगिनींनो, ही काटकसर आहे, पण कंजूषपणा नाही. कोणती वस्तू भार घेते आणि कोणती नुसती बसून खाते, हे ओळखण्यात ही कला आहे. जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना आपण हेच करतो. विरलेला भाग आत, धडका भाग वर, आणि काठ तेवढे दिसतील असे लावतो. फरक इतकाच, की त्यांनी ते मोजून-मापून केले आणि लपवले नाही. त्यांच्या भिंतीची वीट उघडीच असते. आपण मात्र घरातले जुने पाहुण्यांपुढे झाकतो.

आता मुद्द्याचे. आपल्या मंडळाची खोली पाडून नवी बांधायची आहे. पापड-कुरडया विकून जमवलेला पैसा आहे, त्यातला रुपया न् रुपया आपल्या घामाचा आहे. ठेकेदार म्हणतात, जुनी कौले आणि विटा राडारोडा म्हणून फुकट उचलून नेतो. दर्शनी बाजूला मोठी काच आणि आत खोटे छत घाला, असाही त्यांचा आग्रह आहे. पश्चिमेला काच घातली तर दुपारच्या शिवणवर्गाच्या मुली भाजून निघतील. मग पंखे, आणि पंख्यांचे बिल!

माझी विनंती अशी. धड कौले-विटा मोजून बाजूला ठेवाव्यात. पश्चिमेला जाळी आणि भिंतीलगत बसायला कट्टा करावा. स्लॅबमध्ये कौले घालता येतील का, हे जाणत्या इंजिनियरला आधी विचारावे. ते आपल्या मनाने करण्याचे काम नव्हे. सही होण्यापूर्वी आपण हे विचारले नाही, तर पुढे कुणाला बोल लावता येणार नाही.