किल्ली देण्यापूर्वीं



परीक्षांचे निकाल लागले कीं पुष्कळ घरांत एकच मागणी पुढें येते. मुलगा म्हणतो, "आतां मला फटफटी पाहिजे." मुलगीहि तेंच म्हणते, आणि तिचें म्हणणें रास्तच असतें. वडील किंमत विचारतात, आई गप्प बसते, आणि आठ दिवसांत सारी चर्चा "कोणती घ्यावी?" या प्रश्नावर येऊन थांबते. त्या प्रश्नाचें उत्तर मी आज यथाशक्ति देणार आहें. परंतु त्याच्या आधींचा प्रश्न असा, कीं किल्ली केव्हां द्यावी आणि कोणत्या क्रमानें द्यावी?

हें मी उपदेशकाच्या आसनावरून बोलत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा भाचा आमच्याकडे राहावयास होता. वय सोळा. एके संध्याकाळीं पाहुणे आले आणि घरांत दूध नव्हतें. मीं माझ्या स्कूटरची किल्ली त्याच्या हातीं दिली आणि म्हटलें, "कोपऱ्यापर्यंतच तर जायचें आहे." त्याच कोपऱ्यावर भाजीची पिशवी घेऊन वळणाऱ्या एका वृद्ध बाईंना त्याचा धक्का लागला. भाच्याचा गुडघा आठ दिवसांत भरून आला. त्या बाईंचें मनगट मोडलें, आणि पुढें कित्येक महिने त्यांना स्वतःची वेणी घालतां येत नव्हती. मी समाचारास गेलों तेव्हां त्यांनीं मला दोष दिला नाहीं. एवढेंच विचारलें, "मुलाचें वय काय हो?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

कायद्याचें उत्तर मात्र स्पष्ट आहे. आपल्या देशांत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविण्यास अठरा वर्षें पूर्ण असावीं लागतात. अपवाद एकच: जिच्या इंजिनची क्षमता ५० घन सेंटिमीटरपेक्षां अधिक नाहीं अशी दुचाकी सोळा वर्षें पूर्ण झालेल्यास चालवितां येते, तीहि पालकांच्या लेखी संमतीनें परवाना काढल्यावर. १९७२ सालीं निघालेली लूना पुढें घरोघर दिसूं लागली, त्या काळीं अशी सवलत उपयोगाची होती. आज दुकानांतील बहुतेक पेट्रोलच्या स्कूटर १०० घन सेंटिमीटरच्या वरच्या असतात. म्हणून "गिअर नाहीं, तेव्हां सोळाव्या वर्षीं चालेल" ही समजूत चुकीची आहे. विजेच्या गाड्यांतहि ताशीं २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या हलक्या गाडीसच परवान्याची गरज नसते. त्याहून वेगवान अशी विजेची स्कूटर कायद्याच्या दृष्टीनें मोटार वाहनच होय.

१९ सालच्या, म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनें पालकांची जबाबदारी फारच वाढविली आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. आपल्या नकळत किंवा योग्य ती काळजी घेऊनहि हें घडलें, असें पालकानें सिद्ध केलें तर सुटका आहे. किल्ली आपल्याच हातानें देणाऱ्यास तें कसें सिद्ध करतां येणार?

आतां परवान्याची रीत. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावयाचा. तो सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून निदान तीस दिवस गेल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. या काळांत गाडीच्या पुढें आणि मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें 'एल' अक्षर असावें, आणि मागच्या आसनावर परवानाधारक शिक्षकाखेरीज कोणीहि बसूं नये. मित्रास मागें बसवून महाविद्यालयांत जाणारा शिकाऊ तरुण नियम मोडीत असतो. हे तीस दिवस कायद्यानें ठरविलेली अगदी कमींत कमी मुदत आहे. तेवढ्यानें शिक्षण पुरें झालें असें समजूं नये.

येथें आपल्या व्यवस्थेंतील एक मोठी उणीव ध्यानांत घेतली पाहिजे. ब्रिटनमध्यें १९९० पासून नवशिक्यास रस्त्यावर येण्यापूर्वींच प्राथमिक शिक्षण सक्तीचें आहे, आणि पुढें पायऱ्या ठरलेल्या आहेत. सतराव्या वर्षीं १२५ घन सेंटिमीटरपर्यंतची गाडी. एकोणिसाव्या वर्षीं ३५ किलोवॉटपर्यंतची. आणि कोणत्याहि शक्तीची गाडी थेट परीक्षा देऊन चालवावयाची तर चोविसावें वर्ष. आपल्याकडे गिअरच्या मोटार सायकलचा परवाना अठराव्या वर्षीं मिळाला, कीं तो तरुण दुसऱ्या दिवशीं शंभराची गाडी चालवो वा साडेसहाशेची, कायदा त्यास अडवीत नाहीं. कायद्यानें बांधल्या नाहींत त्या पायऱ्या घरानें बांधाव्या, एवढेंच माझ्या भाषणाचें सार आहे.

पहिली पायरी १०० ते १२५ घन सेंटिमीटरची असावी. अशा साध्या गाडीचें वजन ११० ते १२० किलो असतें. साडेतीनशेच्या भारी गाडीचें १९० किलोच्या घरांत जातें. दुकानांत गेल्यावर मुलाला रंग पाहूं द्या, परंतु तीन गोष्टी करून पाहण्यास सांगा. आसनावर बसून दोन्हीं पाय जमिनीला नीट टेकतात का? गाडी मधल्या स्टँडवर चढवितां-उतरवितां येते का? इंजिन बंद ठेवून ती चार पावलें मागें ढकलतां येते का? जी गाडी उभी असतां आवरत नाहीं, ती पहिल्या पावसांत निसरड्या रस्त्यावर आवरणें कठीण. ब्रेकचीहि चौकशी करा. एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकूं न देणारी, एबीएस नांवाची यंत्रणा सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्हीं ब्रेक एकत्र लागण्याची सोय असावी लागते.

वेगाचें गणित मुलांशीं बसून करावें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. समोर कोणी आलें हें डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सुमारें एक सेकंद सहज जातो. वेग ३० ठेवला तर हेंच अंतर निम्में होतें, आणि ब्रेक दाबल्यानंतरचें अंतर सुमारें चौथ्या हिश्शावर येतें.

२०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. म्हणून गाडीच्या किंमतींतच भारतीय मानक संस्थेचें चिन्ह असलेल्या, डोक्याला घट्ट बसणाऱ्या हेल्मेटची किंमत धरावी. मागें बसणाऱ्यासाठीं दुसरें हेल्मेटहि घ्यावें. ज्या घरांत वडील स्वतः हेल्मेट खुंटीला ठेवून निघतात, तेथें मुलाला कांहीं सांगण्यांत अर्थ नाहीं.

माझ्या भाच्यानें अठरा पूर्ण झाल्यावर परवाना काढला आणि दोन वर्षें शंभराची जुनी गाडी चालविली. मोठी गाडी त्यानें पुढें स्वतःच्या कमाईनें घेतली. आज त्याच्या घरांतहि किल्ली मागणारी एक मुलगी आहे. परवां त्यानें मला विचारलें, "मामा, हिला काय सांगूं?" मीं म्हटलें, "तुझ्या हातून काय घडलें तें आधीं सांग. मग तिला घेऊन परिवहन कार्यालयांत जा."