नकाशावरची वाट



आज कीर्तन नाही, वाटेचं बोलायचं आहे. आमचं शिक्षण चौथी. पण ज्याला बांध कळतो त्याला नकाशा कळतो.

आपली दिंडी पालखीला मिळायची ती ओढ्याकाठच्या पायवाटेनं. दोन वर्षांमागं ती नांगरली गेली, वर बाभळीचे काटे पडले. त्या वारीला म्हाताऱ्या बाया डोईवर तुळस घेऊन डांबरी सडकेनं, ट्रकांच्या वाऱ्यातून चालल्या. "वाट होती", "नव्हती" यात चार महिने गेले. एका पंक्तीला बसणारे एकमेकांशी बोलेनात.

तवा आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणली. त्यात तुटक एकेरी रेघ म्हंजे पायवाट, रुंदी ८.२५ फूट धरतात. तुटक दुहेरी रेघ म्हंजे गाडीवाट, १६.५ ते २१ फूट. हा आकडा असा का? जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ४ आणे पायवाट, ८ आणे गाडीवाट. आमच्या आज्याला हे तोंडपाठ होतं.

नंबर मात्र जुळवून घ्या. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले, त्यामुळं जुन्या नकाशावरचा नंबर सातबाऱ्यावर सापडत नाही. मग ओढा, देऊळ, शिवेचा दगड धरून चालत जावं. घरी बसून वाट सापडत नाही.

शेतात जायची प्रत्येक वाट नकाशात नसते. तिथं बांधावरून वाट मागायला जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ आहे. तहसीलदाराकडं अर्ज करावा. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावं लागतं. "पुढच्या वारीला बघू" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आम्ही कचेरीआधी नकाशा त्या शेतकऱ्याच्याच ओसरीवर पसरला. त्यानं स्वतः रेघेवर बोट फिरवलं, बराच वेळ गप्प बसला. चौथ्या दिवशी काटे निघाले. विहिरीजवळचा कोपरा अजून राहिला आहे, त्याची मोजणी व्हायची आहे.

नक्कल देवळात विणेकऱ्यांजवळ ठेवली आहे. बघायला या, पण हात कोरडे करून. घडीवर आताच चिरा पडल्यात.