जुनीच गाडी का?
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



ग्रुपवर लाल गाडीचा फोटो टाकला त्या दिवसापासून तुमचे दोन प्रश्न थांबलेले नाहीत. केवढ्याला पडली? आणि जर्मनीत राहून जुनीच का घेतली? माझ्या आईनंही हेच विचारलं होतं, फक्त जरा काळजीनं: "काही अडचण आहे का गं तुमची?" आज माईक हातात आहे, तर एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

गाडी पोर्शे ९४४ आहे. दोन दारांची, १९८६ ची. म्हणजे आपण पहिलीच्या वर्गात येऊन बसलो, त्याच वर्षीची. हे मॉडेल १९८२ ते १९९१ या काळात निघालं. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, १६३ अश्वशक्तीचं. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं वाटलं जातं. वळणावर ती रस्ता सोडत नाही, त्याचं कारण ही वाटणी.

मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. आजच्या गाडीत बिघाड झाला की तो लॅपटॉप जोडून शोधावा लागतो. मला एक अशी गाडी हवी होती, जिचा बिघाड हातानं सापडेल. २०२१ मध्ये शोध सुरू केला.

पहिली गाडी पाहिली ती आरशासारखी चकचकीत होती. पण दाराखालचा पत्रा बोटानं दाबला तर आत गेला. ९४४ च्या पत्र्याला जस्ताचा थर असतो, तरी ही जागा गंजतेच. टायमिंग बेल्ट कधी बदलला, असं विचारलं तर मालकाला सांगता येईना. या इंजिनात तो रबरी पट्टा तुटला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून गाडी फिरो वा न फिरो, तीन-चार वर्षांनी पट्टा बदललेला बरा. मी नमस्कार करून निघाले.

तिसरी गाडी ७८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांची होती. त्यांनी किमतीची गोष्टच काढली नाही. आधी विचारलं, "हिवाळ्यात कुठे उभी करणार?" गॅरेज आहे म्हटल्यावर आतून एक जाडजूड फाईल आणली. पस्तीस वर्षांची बिलं, तारखेनुसार लावलेली. मी १८ हजार युरो दिले, तेव्हाचे साधारण १६ लाख रुपये. खरं सांगायचं तर मी ती फाईल विकत घेतली, गाडी तिच्यासोबत आली.

पहिल्याच वर्षी पट्टे आणि पाण्याचा पंप बदलायला जवळपास १,५०० युरो गेले. तिथे ३० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी तपासणीत पास झाली, की नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि रस्ताकर वर्षाला सुमारे १९२ युरो एवढाच ठरावीक राहतो. दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी मात्र चुकत नाही. ही झाली हिशेबाची बाजू.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एका रविवारी बाड उराखच्या पुढे घाट चढताना गाडी बंद पडली. आपल्या बालाघाटासारखेच डोंगर, फक्त हिरवेगार. अर्ध्या तासानं चालू झाली, थोडी पुढे जाऊन पुन्हा बंद. मी रस्त्याच्या कडेला बसून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, खरं तर नुसतं बोलायला.

अण्णा म्हणाले, "गरम झाल्यावर बंद पडते? गार झाली की चालू होते?"

"हो."

"मग ड्राय सोल्डर आहे. वीज कुठून जाते ती डबी शोध अन् टपली मार."

इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोलपंपाला वीज पुरवणारा एक छोटा रिले असतो. त्याला टपली मारली आणि गाडी सुरू झाली. घरी येऊन रिले उघडला. आतल्या टाक्याभोवती केसाएवढी गोल भेग होती. फोन टेबलावर उभा केला, आणि अण्णांच्या देखरेखीखाली टाका पुन्हा मारला. "इस्त्री जास्त वेळ टेकवू नको," ते तिकडून ओरडत होते. नवा रिले आणला आहे. हा जुना सुटा म्हणून गाडीतच असतो.

बसस्टँडजवळचं अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. रेडिओ गेले, मग टेपरेकॉर्डर गेले, आणि २००५ मध्ये दुकान बंद झालं. "माझं काम आता कुणाच्या उपयोगाचं नाही," असं ते तेव्हापासून म्हणत आले.

आणि एक गोष्ट मला तुमच्यासमोर कबूल करायची आहे. आठवीत वर्गात एक फॉर्म भरून घेतला होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'नोकरी' असं लिहिलं. शेजारच्या बाकावर सरकारी नोकरांच्या मुली होत्या, आणि माझ्या हाताला राळेचा वास यायचा. वर्गशिक्षिका बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि ठेवून दिला. त्यांचा स्वतःचा रेडिओ तेव्हा अण्णांच्याच दुकानात होता. बाई, तुम्ही काही बोलला नाहीत, त्याबद्दल आज आभार मानते.

अण्णा आज मागच्या रांगेत बसले आहेत. हे ते पहिल्यांदाच ऐकत आहेत.

गाडी इकडे आणता येणार नाही. व्हिंटेज गाड्यांचा अपवाद सोडला, तर बाहेरून आणायची वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंगही उजवीकडे लागतं. म्हणून अण्णांनाच तिकडे न्यायचं ठरलं आहे. व्हिसाचा अर्ज मागच्या आठवड्यात मीच भरला. त्यातही व्यवसायाचा रकाना आहे. या वेळी मी लिहिलं: निवृत्त, रेडिओ मेकॅनिक.