दोष कुशीचा नाही
(मुक्ताईनगर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मी एका दुर्मीळ आजाराबद्दल बोलणार आहे. साधारण वीस-पंचवीस हजार जन्मांमागे असं एखादंच मूल असतं. मग मेळाव्यात त्याच्यावर का बोलायचं? कारण असं मूल जन्मलं की शिक्षा आईला होते. ‘हिनं ग्रहण पाळलं नाही’, ‘हिच्या माहेरच्या रक्तातच खोट’, असं घरचेच म्हणतात. आमच्याकडे आलेल्या एका सुनेला बाळासकट माहेरी धाडलं होतं.

या आजाराचं नाव अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया. हातपाय आखूड, डोकं थोडं मोठं. बुद्धी मात्र चार मुलांसारखीच. आपल्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चा असते. ती वाढत जाते, तिचं हाड होतं आणि आपण उंच होतो. एफजीएफआर३ नावाचं जनुक या वाढीला लगाम घालतं. त्यात बारीकसा बदल झाला की लगाम ओढलेलाच राहतो. हे १९९४ साली सापडलं. म्हणजे हा मुडदूस नव्हे. टॉनिकच्या बाटल्यांनी जात नाही. पण उंची खुंटण्याची कारणं अनेक आहेत आणि थायरॉइडसारख्या काहींवर उपचार आहेत, म्हणून तपासणी करायलाच हवी.

आता रक्ताचं बघू. आई किंवा बाप यांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक बाळंतपणात निम्मी शक्यता असते. पण शंभरातली ऐंशी मुलं नेहमीच्या उंचीच्या आईबापांपोटी जन्मतात. तिथे बदल नव्यानं घडलेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमी बापाच्या बीजात घडतो. बापाचं वय वाढतं तशी शक्यता वाढते. म्हणून आता बापाला आरोपी करायचं का? नाही. हे कुणाच्या हातातलंच नाही. पण ज्या बाईला आपण घराबाहेर काढतो, तिचा यात काडीचाही दोष नाही, हे ठणकावून सांगायला हवं.

बाळाची काळजी मात्र आपल्या हातात आहे. कवटीच्या तळाचं छिद्र अरुंद असतं, मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून न्हाऊ घालताना बाळाला पाय धरून उलटं झुलवू नका. झोपेत श्वास अडखळला तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. पाठीला बाक येतो, म्हणून लवकर बसवू नका. कान फुटत असेल तर दुर्लक्ष नको. मोठेपणी अशा बाईचं बाळंतपण सिझेरियननंच करावं लागतं, कारण कटी अरुंद असते. तेव्हा ते घरी नको.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात बुटकेपणाची नोंद आहे: प्रौढपणी उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. प्रमाणपत्र मागून घ्या. मुंबईचं केईएम रुग्णालय हे सरकारनं दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं सुनेला राहत्या घरातून मनमानीनं हाकलता येत नाही.

वयानं लहान असलेल्या मुक्ताईला चांगदेवांनी गुरू मानलं, असं आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. मग तिच्याच गावात माणसाचं मोल फूटपट्टीनं ठरवायचं?

प्रत्येक गटानं दोन कामं घ्यावीत. दाई आणि आशाताईंना ही माहिती द्यावी. आणि असं मूल जन्मलेल्या घरी पहिल्याच आठवड्यात दोघीतिघींनी जावं, सासू-सासऱ्यांसमोर बसून हे सारं सांगावं. त्या आईला एकटीला सांगावं लागता कामा नये.